आत्मारामभाऊंचा ट्रेबल

गाडीत टेप बसवणं कुणालाही शिकता येतं. डॅशबोर्डला खाच पाडायची, बॅटरीपासून वायर ओढायची, मधे फ्यूज घालायचा, दारात नाहीतर मागच्या फळीवर स्पीकर कसायचे. खरं काम सुरू होतं टेप वाजायला लागल्यावर. गिऱ्हाईक सीटवर बसतं, डोळे मिटतं, थोडा वेळ ऐकतं आणि म्हणतं, "वाजतंय चांगलं, पण मजा नाही आली." ती मजा कुठे अडकली आहे ते आपण शोधायचं. मी धुळ्यात साक्री रोडला दुकान टाकून वर्षानुवर्षं हेच केलं.

मूळचा मी जळगावचा. आमच्या वस्तीत जयंतीला खांबावर भोंगे लागायचे. गाणाऱ्याचा शब्द न् शब्द पार रेल्वे फाटकापर्यंत ऐकू जायचा, पण त्याच्याबरोबर वाजणारी ढोलकी खांबाखालीच राहायची. असं का, हे मी भोंगेवाल्याला इतक्या वेळा विचारलं की शेवटी तो मला पाहिलं की तोंड फिरवायचा. पुढे आयटीआयला रेडिओचा कोर्स केला तेव्हा उत्तर मिळालं. भोंगा खालचा आवाज फेकतच नाही.

बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून सांगतो. टेपवर दोन मुख्य बटणं असतात. बास म्हणजे खालचा आवाज: ढोल, डग्गा, बँडमधला मोठा ड्रम. ट्रेबल म्हणजे वरचा आवाज: टाळ, मंजिरी, घुंगरू. माणसाचा गळा या दोघांच्या मधे असतो, पण बोलण्यातला स, श, त, च ही अक्षरं वर ट्रेबलमध्ये राहतात. भजन लावायचं तर बास थोडा उतरवायचा, नाहीतर मृदंग बुवांच्या अंगावर बसतो. कव्वालीला टाळी करकरीत पाहिजे, पण पेटी चिरकली नाही पाहिजे. सिनेमातल्या नाचाच्या गाण्याला बास भरपूर द्यायचा, आणि गझल ऐकणारा आला तर दोन्ही बटणं सोडून द्यायची. तोही खूश, आपणही मोकळे.

पण गाडीही गाण्यात हात घालते. बंद काचांची अ‍ॅम्बेसेडर आवाज धरून ठेवते. जीपला वर ताडपत्री, बाजू उघड्या. खालचा आवाज इंजिन खातं आणि वरचा वाऱ्यावर जातो. शिवाय माणसं. रावेरकडचे एक केळीचे व्यापारी आले की आधी पाणी मागायचे, मग म्हणायचे, "ढोल पोटात बसला पाहिजे." त्यांच्या गाडीत बास इतका चढवला की आतला आरसा थरथरायला लागला. मी कमी करायला गेलो तर माझा हात धरला. "राहू द्या. आरसा हलतोय म्हणजे बरोबर आहे." एक निवृत्त हेडमास्तर होते, त्यांना वाद्यं नकोच होती, फक्त शब्द हवे होते. ते शब्द ऐकताना चूक सापडली की गाडी बाजूला लावून रागवायचे. कॅसेटवर.

या सगळ्यांत मला ज्यांच्यामुळे झोप लागेना असे गिऱ्हाईक एकच. आत्मारामभाऊ.

आत्मारामभाऊ साक्रीजवळच्या एका खेड्यातले. पन्नाशीला आलेले, उंच, खांद्यावर कायम गुलाबी टॉवेल. धुळे ते साक्री प्रवासी जीप चालवायचे. तेव्हा स्टँडवर जीपगाड्यांची अशी चढाओढ होती की प्रवाशाची पिशवी एका जीपमध्ये आणि प्रवासी दुसऱ्या जीपमध्ये जायचा. तरीही काही लोक हातातली जीप सोडून आत्मारामभाऊंच्या जीपसाठी उभे राहायचे, कारण त्यांच्याकडे गाणी होती. सकाळी भजन, दुपारी सिनेमाची गाणी, परतीला कव्वाली. आणि प्रत्येक वेळी भाऊ स्वतः बटणं फिरवून आवाज बदलायचे. लोक त्यांच्या गाडीला 'गाणावाली जीप' म्हणायचे.

त्यांचा कान असा होता की मला धाक वाटायचा. एकदा नवीन स्पीकर लावताना माझ्याकडून एकाच्या वायरी उलट जोडल्या गेल्या. उलट जोडल्या तरी स्पीकर वाजतो, फक्त दोन्ही मिळून बास पातळ होतो. भल्याभल्यांना कळत नाही. भाऊंनी जीप चालू केली, रस्त्याला लागले आणि कोपऱ्यावरून परत आले. "मिस्तरी, ढोलक पांगी गया." ढोलक पांगला म्हणे! मी वायर पाहिली आणि गप्प बसून नीट जोडली. दुसऱ्या वेळी म्हणाले, भजनात मंजिरी दाताला लागते, ट्रेबल उतरव. खरंच लागत होती.

अशा माणसाने एके दिवशी येऊन सांगितलं, "मिस्तरी, आवाज दबायी गया. जरा उघाडी दे."

साक्री रोडची धूळ, त्यात रोजची घासलेली कॅसेट, त्यामुळे टेपचं हेड, म्हणजे फीत जिथे घासून जाते तो भाग, मळतं आणि आवाज दबतो. मी कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलं. भाऊ गेले. काही दिवसांनी परत आले. "अजून दबेल शे." मी हेडचा स्क्रू जुळवला. पुन्हा आले. मग मी जीपमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला दोन छोटे ट्विटर लावले, जे फक्त वरचा आवाज फेकतात. ते खूश होऊन गेले आणि महिन्याभरात पुन्हा दारात उभे. या वेळी त्यांना फक्त त्यांच्या बाजूचा, उजवा स्पीकर मोठा हवा होता.

मला राग यायला लागला होता. स्वतःवरही आणि टेपवरही. वाटायचं, हा माणूस बरोबरच सांगत असणार, मलाच सापडत नाही. मी त्यांची जीप घेऊन एकटाच कुसुंब्यापर्यंत चक्कर मारली. टेप सुरू केला आणि ताबडतोब बंद केला. कानात टाचणी टोचावी तसा आवाज होता. शब्दातला प्रत्येक स शिट्टीसारखा. परत आलो तेव्हा स्टँडवर एक म्हातारी जीपमध्ये बसायच्या आधीच पदराने कान झाकत होती. मला म्हणाली, "भाऊ, तू गाणं लावणारा का? त्याले जरा सांग ना. डोकं उठस."

मी आत्मारामभाऊंना समोरच्या सीटवर बसवलं. इंजिन बंद. त्यांच्याच आवडत्या भजनी मंडळाची कॅसेट लावली, तीच, जिच्यातली मंजिरी त्यांच्या दाताला लागायची. टेपच्या खाली पाच पट्ट्यांचा इक्वलायझर होता. डावीकडची पट्टी सगळ्यात खालच्या आवाजाची, उजवीकडची सगळ्यात वरच्या. मी ती शेवटची पट्टी हळूहळू खाली ओढत नेली. मंजिरी पातळ झाली, मग गेलीच. भाऊ मांडीवर ताल धरून होते. त्यांच्या बोटांत काही फरक पडला नाही. पट्टी पूर्ण वर नेली. मला डोळे मिटून घ्यावेसे वाटले. भाऊंचा ताल तसाच.

मी विचारलं, "मंजिरी कशी वाटते?"

ते म्हणाले, "या भजनमा मंजिरी शेच कोठे?"

मी टेप बंद केला. तेवढ्यात दुसरी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी बोलत असताना ते मान वळवून डावा कान माझ्याकडे करत होते. ड्रायव्हरचा उजवा कान खिडकीकडे असतो. सुरतेकडे जाणाऱ्या ट्रकांचे भोंगे, वारा, आणि वरून मी बसवलेला ट्विटर, हे सगळं त्याच कानात.

दुपारभर माझा हात कशालाच लागेना. एका व्हॅनचं काम उघडं पडलं होतं, तिकडे गेलो, पाना उचलला, ठेवला. सांगावं तर हा माणूस जीप चालवतो. स्टँडवर बातमी पसरली तर बाकीचे ड्रायव्हर त्याच्या प्रवाशांना काय काय सांगतील. न सांगावं तर त्या जीपमध्ये पोरंबाळं बसतात. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी त्यांना दुकानाच्या आत नेलं आणि सरळ म्हणालो, "भाऊ, टेपला काही झालेलं नाही. तुमच्या कानाला झालंय. डॉक्टरला दाखवा."

त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. त्या मोठ्याने बोलण्याचाच त्यांना जास्त राग आला.

"तू माले बहिरा म्हणस?"

"बहिरा नाही म्हणत. वरचा आवाज तुम्हाला येत नाही एवढंच."

"बठ्ठं ऐकू येस माले. आणि गाडी मी डोयाघाई चालाडस. कानघाई नही!"

गाडी डोळ्यांनी चालवतो, कानांनी नाही म्हणे! टॉवेल झटकून ते निघून गेले. पुढे कळलं, दुसऱ्या दुकानातून त्यांनी आणखी मोठे ट्विटर बसवून घेतले.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. त्यांची जीप यायच्या आधी तिचा आवाज यायचा. तो स, तो श. समोरच्या गिऱ्हाइकाचं बोलणं अर्धवट ऐकून मी रस्त्याकडे बघायचो. जीप धडपणे गेली की बरं वाटायचं, आणि परतीच्या वेळेला पुन्हा दुकानाच्या दारात येऊन उभा राहायचो. त्यांच्या घरी जाऊन बोलावं असं मनात यायचं. पण काय नात्याने? मी टेप बसवणारा.

एकदा साक्रीला एका दवाखान्याच्या गाडीचं काम निघालं. स्टँडवर गेलो तर नंबर आत्मारामभाऊंचा. पाय घुटमळले. पण दुसऱ्या जीपमध्ये बसलो असतो तर तेही त्यांनी पाहिलं असतं. मी त्यांच्या मागच्या सीटवर, डाव्या टोकाला बसलो. त्यांनी आरशातून पाहिलं आणि टेप लावला.

सकाळचं ऊन, दोन्ही बाजूंना कपाशी. बायकांनी कानावर पदर घेतले होते. माझ्या शेजारचा माणूस ओरडून शेजाऱ्याशी बोलत होता आणि त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नव्हतं. मी रस्त्याकडे न बघता भाऊंच्या मानेकडे बघत बसलो. मागून एसटीने भोंगा दिला. बराच वेळ दिला. भाऊंनी आरशात पाहिलं तेव्हा कुठे बाजू दिली. म्हणजे डोळ्यांनी चालवत होते हे खरंच होतं. पण आरसा ज्या जागा दाखवत नाही त्यांचं काय, हे माझ्या डोक्यातून जाईना.

नेरला जीप थांबली. मागच्या फळीवरून दोघं उतरले, आणि अनुसयाबाई नावाची एक भाजी विकणारी बाई चढायला लागली. रोज नेर-साक्री करणारी. तिने आधी पाटी आत सरकवली आणि एक पाय फळीवर ठेवला. जीपमध्ये अशी रीत होती की मागचा माणूस पत्र्यावर थाप मारतो: एक थाप म्हणजे चला, भराभर थापा म्हणजे थांबा. पाटी पत्र्यावर आदळली. भाऊंना ती चला वाटली. जीप निघाली.

बाईचा एक हात कडीला, एक पाय वर, दुसरा जमिनीवर पळतोय. मागची सगळी माणसं एकदम ओरडली. कुणी पत्रा बडवला, तो मृदंगाच्या ठेक्यात मिसळून गेला. "थांब! ओ भाऊ! थांब!" भाऊंनी गिअर बदलला. मी त्यांच्या खांद्याला हात लावणार होतो, पण मधे एक पोरगं मांडीवर घेतलेली बाई होती, खांदा हाताला येईना. पुढच्या सीटांमधल्या फटीतून टेप मात्र हाताला आला. मी झोकून देऊन टेपचं बटण बंद केलं.

आणि भाऊंनी लगेच ब्रेक मारला. इतक्या माणसांचा ओरडा ज्या कानात गेला नाही, त्या कानाला गाणं बंद झालेलं कळलं. चिडून त्यांनी मागे वळून पाहिलं. "टेप कोणी..." एवढंच म्हणाले. सगळ्या जीपची तोंडं उघडी होती आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

ते उतरून मागे पळाले. अनुसयाबाई रस्त्यावर बसली होती, गुडघे सोलवटलेले, मनगट धरलेलं, बांगड्या फुटलेल्या. भाजी जीपच्या फळीवर नि रस्त्यावर पसरली होती. भाऊंनी खाली बसून तिचा हात हातात घेतला. ती कळवळली. वेदनेपेक्षा तिला आश्चर्य जास्त वाटत असावं. ती म्हणाली, "मी कितली बोंबलनू, भाऊ. तू थांबनाच नही."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. हळू आवाजात विचारलं, "बठ्ठा ओरडनात?"

"सगळे," मी म्हणालो.

त्यांनी टॉवेलने तिचं मनगट बांधलं, तिला पुढच्या सीटवर बसवलं. साक्रीपर्यंत टेप बंद. जीपमध्ये कुणी बोललं नाही, आणि बोललं असतं तरी, आता मला कळत होतं, त्यांना किती ऐकू आलं असतं कोण जाणे. साक्रीला डॉक्टरने मनगटाला प्लास्टर घातलं. तिच्या घरचे येईपर्यंत भाऊ दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. तिच्या नवऱ्याने त्यांना बरंच सुनावलं. भाऊ मान खाली घालून उभे होते. त्यातलं किती पोहोचलं माहीत नाही.

त्याच आठवड्यात ते दुकानात आले. बरोबर त्यांची बायको, सुमनअक्का. अक्काच बोलल्या. "घरमा बी तसंच शे, भाऊ. मी चुल्हापाइन हाक मारस, ते दखतस बी नही. माले वाटे, मनावर रागायेल शेतस." इतके दिवस त्यांना वाटत होतं की नवरा रुसलाय. हे सांगताना त्यांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. भाऊ रस्त्याकडे बघत उभे होते.

आम्ही तिघं सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी भाऊंच्या कानाला हेडफोन लावला आणि बारीक बारीक आवाज सोडले. ऐकू आला की बोट वर करायचं. खालच्या आवाजांना भाऊंचं बोट झटकन वर जायचं. मग आवाज चढत गेला आणि बोट मांडीवरच राहिलं. मला बाहेर काही ऐकू येत नव्हतं, मी फक्त त्या बोटाकडे बघत होतो. वाटायचं, आता उचलतील, आता उचलतील.

डॉक्टर म्हणाल्या, वरचा आवाज आधी जातो, सतत गोंगाटात राहणाऱ्यांचा लवकर जातो, आणि गेलेला परत येत नाही. यंत्र लावलं तर बोलणं कळेल, पण वर्दळीच्या रस्त्यावर प्रवासी गाडी चालवू नये असं त्यांचं मत होतं. मी इक्वलायझरच्या पट्टीची गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली आणि विचारलं, "तुमचा धंदा कोणता?" मी सांगितला. त्यांनी तोच हेडफोन माझ्यापुढे धरला.

माझंही बोट काही ठिकाणी उशिरा वर गेलं. फार नाही. पण उशिरा गेलं हे मला स्वतःलाच कळलं. त्यानंतर धंदा सोडेपर्यंत मी एकाही गाडीचा आवाज पूर्ण विश्वासाने लावला नाही. आवाज जमला असं वाटलं की दुसऱ्या कुणाला तरी आत बसवून विचारायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं, मिस्तरी फार काळजीने काम करतो. काळजी कसली, धास्ती होती.

आत्मारामभाऊंनी जीप विकली नाही. स्टिअरिंगवर त्यांचा धाकटा भाऊ भिका बसला आणि भाऊ स्वतः मागच्या फळीजवळ, प्रवाशांकडे तोंड करून. पहिले काही दिवस त्यांना ते सहन होत नव्हतं. सुमनअक्का सांगायच्या, घरी आले की खाटेवर बसत नाहीत, अंगणात येरझाऱ्या घालतात, बसलेच तर उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो. यंत्र आणलं होतं ते खिशातच असायचं. म्हणायचे, त्यातून गाणं ऐकलं तर पत्र्याचं वाटतं. ते काही खोटं नव्हतं. तेव्हाची यंत्रं तशीच होती.

एकदा भिका टेप काढून टाकायचं म्हणाला. जीप दुकानासमोर उभी, पाना माझ्या हातात. भाऊंनी माझा हात अडवला. "राहू दे. पब्लिकले गाणं पाहिजे."

"मग आवाज कुणाच्या कानाने लावू?" मी विचारलं. विचारल्यावर वाटलं, नको होतं विचारायला.

त्यांना प्रश्न कळला. त्यांनी माझ्या हातातला पाना घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाले, "चाल, बैस."

आम्ही भरलेल्या जीपने साक्रीकडे निघालो. भिका चालवत होता, मी त्याच्या शेजारी बटणांपाशी, भाऊ मागे. भजन लावलं. मी मागे वळून त्यांच्याकडे बघत होतो. ते टेपकडे कान देत नव्हते, लोकांचे चेहरे बघत होते. एका म्हाताऱ्याने भुवया आक्रसल्या. भाऊंनी तळहात खाली केला. मी ट्रेबल उतरवला. म्हाताऱ्याचा चेहरा सैल झाला. एका बाईने मान पुढे काढली, शब्द कळत नव्हते बहुतेक. भाऊंनी बोट वर केलं. मी मधला आवाज किंचित चढवला. ती मागे टेकली आणि गुणगुणायला लागली. पुढे कुणाचं तरी पोरगं झोपायला आलं, तेव्हा त्यांनी बासही उतरवायला लावला. जीप खड्ड्यांतून जात होती, धूळ आत येत होती, आणि भाऊंची नजर एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर सारखी फिरत होती, कुठे अडते ते शोधत.

शेवली फाट्याच्या अलीकडे सगळी जीप एका लयीत डोलायला लागली. मी स्वतः इतका नेमका आवाज त्या जीपमध्ये कधी लावला नव्हता. दुसऱ्या कुठल्या जीपमध्येही नाही.

भाऊंनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. "चांगलं वाजस ना?"

"फार चांगलं," मी म्हणालो.

त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. मी तेच पुन्हा, सावकाश म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा लोकांकडे वळले, कारण मधल्या सीटवरची एक पोरगी आता कानाला हात लावत होती.